'शेवटचे ५ प्रयोग' छापण्यापूर्वी : मराठी नाट्यनिर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबई-ठाण्यातील सर्व व्यावसायिक नाट्यनिर्माते

विषय : ज्येष्ठ कलाकारांची निवृत्ती, पुनरागमन आणि त्यामागची तयारी

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडलं की तीन मजकूर हमखास दिसतात : 'शेवटचे ५ प्रयोग', 'लोकाग्रहास्तव पुन्हा' आणि 'प्रदीर्घ काळानंतर रंगमंचावर'. तिन्ही मजकूर तिकीट विकतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. बुकिंग झालं तरच आमची नाइट, म्हणजे प्रयोगागणिक मिळणारे पैसे, निघते. पण कलाकाराची निवृत्ती आणि त्याचं परत येणं हे दोन्ही निर्णय आज फक्त जाहिरातीत घेतले जातात. तालमीच्या वेळापत्रकात, नेपथ्याच्या मापात आणि खर्चाच्या तक्त्यात ते कुठेच नसतात. मग पासष्टीच्या कलाकाराला पस्तिशीत बसवलेलं नाटक त्याच वेगाने, त्याच लेव्हलवर (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यावर), त्याच ब्लॅकआऊटमध्ये करायला लावलं जातं आणि जे निस्तरायचं ते विंगेत उभे असलेले आम्ही निस्तरतो. नेपथ्य लावणारे, प्रकाश आणि ध्वनी सांभाळणारे, कपडेपट बघणारे, प्रयोगांचं व्यवस्थापन करणारे अशा सगळ्यांनी मिळून हे पत्र लिहिलं आहे.

आवाजापासून सुरुवात करतो. वय वाढतं तसे स्वरतंतू पातळ होतात, मधली फट नीट मिटत नाही आणि बोलताना हवा गळते. पूर्वी एका श्वासात जाणारं वाक्य दोन श्वासांत तुटतं, आणि बहुतेक वेळा शेवटच्या दोन शब्दांच्या आधी तुटतं. हशा नेमका त्या दोन शब्दांवर असतो. दहा-पंधरा वर्षं मालिकांमध्ये काम केलेल्या कलाकाराला हे जाणवतही नाही, कारण सेटवर पुटपुटलं तरी माइक पकडतो. नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेला ते पुरत नाही.

म्हणून करारावर सही करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या. तालमीच्या पहिल्या दिवसापासून रोज वीस मिनिटं आवाजाच्या व्यायामासाठी राखून ठेवा. सगळ्यात सोपा प्रकार असा : पेल्यात अर्धं पाणी, त्यात स्ट्रॉचं टोक दोन सेंटिमीटर बुडवायचं आणि 'ऊ' असा सूर लावत बुडबुडे काढायचे. दोन-तीन मिनिटं, थोडं थांबून पुन्हा. स्वरोपचार करणारे हाच व्यायाम देतात आणि त्याला खर्च शून्य. घसा बसला की कलाकार कुजबुजून बोलायला लागतात, त्याने आराम मिळतो हा गैरसमज आहे. बोलायचंच नाही, हाच आराम. आणि लवंग तोंडात धरून एन्ट्री घेण्याची जुनी सवय तेवढी मोडा. ठसका पहिल्याच वाक्याला लागतो.

विक्रम गोखले यांनी २०१६ मध्ये घशाच्या त्रासामुळे रंगमंचावरून निवृत्ती घेतली आणि कॅमेऱ्यापुढचं काम चालू ठेवलं. आमच्या मते स्वच्छ निवृत्ती ती हीच. काय थांबवतोय, का थांबवतोय आणि काय चालू राहणार, हे तिन्ही लोकांना एकदाच कळलं. त्यानंतर 'लोकाग्रहास्तव' हा शब्द कोणाच्या जाहिरातीत येण्याचा प्रश्नच उरला नाही.

'आवाज कमी पडला तर माइक आहेत की' असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात. पुढच्या कडेला ठेवलेल्या माइकचा आवाज चढवला की कलाकाराबरोबर पावलं, लेव्हलचा पोकळ आवाज आणि एसीची घरघरही चढते, आणखी चढवला की शिट्टी वाजते. तेव्हा कॉलर माइक लागतो. पण एकट्या ज्येष्ठ कलाकाराला कॉलर माइक आणि बाकीच्यांना नाही, असं केलं की त्यांचा आवाज वरून, स्पीकरमधून येतो आणि समोरच्या पात्राचा रंगमंचावरून. संवाद दोन वेगवेगळ्या खोल्यांत चालल्यासारखा वाटतो. लावायचे तर त्या प्रवेशातल्या सगळ्या पात्रांना लावा.

माइक नावाप्रमाणे कॉलरला लावू नका. मंगळसूत्र, उपरणं, शाल यांची खरखर प्रेक्षकांच्या कानात जाते, आणि मिठीच्या प्रसंगात तर समोरच्याचा श्वास ऐकू येतो. कपाळावर केसांच्या कडेला किंवा विगच्या काठाखाली तो सगळ्यात चांगला बसतो, तार मानेमागून खाली. कमरेच्या ट्रान्समीटरला घामापासून वाचवायला आम्ही तेल नसलेला निरोध वापरतो. औषधाच्या दुकानात कोणी हसलं तर हसू द्या, पण शेरवानीखाली दोन तास टिकणारं दुसरं स्वस्त आवरण अजून मिळालेलं नाही. सेल प्रत्येक प्रयोगाला नवे. 'अजून दोन कांड्या दिसतायत' म्हणून जुने चालवले की नेमके दुसऱ्या अंकात बसतात.

आता पाठांतर. 'जुनं नाटक आहे, त्यांना तोंडपाठ आहे, दहा तालमींत उभं राहील' या एका वाक्याने जेवढे प्रयोग खराब झाले तेवढे दुसऱ्या कशाने झाले नसतील. जुनं पाठांतर शब्दांत एकटं बसलेलं नसतं. ते जुन्या हालचालीला, जुन्या सहकलाकाराच्या सुराला, दाराच्या जागेला चिकटलेलं असतं. नव्या नेपथ्यात दार डावीकडून उजवीकडे गेलं की कलाकाराचं वळण बदलतं आणि त्या वळणाबरोबर येणारं वाक्य येत नाही. म्हणून पुनरागमनाच्या नाटकात जुना नकाशा शक्यतो तसाच ठेवा : दार, खिडकी, फोन, मुख्य खुर्ची. नेपथ्यकाराला रंग, कापड आणि काळ बदलायची मुभा द्या, जागा बदलायची नको.

मोठी स्वगतं क्वचितच विसरली जातात. घात करतात त्या छोट्या, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जागा. समजा पहिल्या अंकात 'मग काय ठरलं तुमचं?' आहे आणि दुसऱ्या अंकात 'ठरलं का मग तुमचं?' आहे. कलाकार पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतो आणि मधली बारा पानं जातात. त्या बारा पानांत एखादं पत्र सापडणार असतं, आणि उरलेला सगळा अंक त्या पत्रावर उभा असतो. प्रकाशयोजना सांभाळणारा त्या बारा पानांतले क्यू, म्हणजे दिवे बदलायच्या ठरलेल्या जागा, सोडून पुढे पळतो, संगीतवाला मागे राहतो, आणि कपडे बदलायला आत गेलेली नायिका अर्ध्या साडीत धावत येते.

याला उपाय आहे, पण तो तालमीतच करावा लागतो. पहिल्या आठवड्यात वाचन करताना दिग्दर्शकाच्या साहाय्यकाने संहितेतल्या अशा सारख्या जागांच्या जोड्या शोधून लाल पेन्सिलीने खुणा कराव्यात. दोन अंकी नाटकात पाच-सहा जोड्या सहज निघतात. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही जागांना वेगवेगळी कृती द्यावी : एकीकडे चष्मा काढून हातात घ्यायचा, दुसरीकडे खुर्चीच्या पाठीवर हात टेकायचा. हाताला काम असलं की डोकं वाट चुकत नाही. मग सहकलाकारांसाठी परतीची वाक्यं ठरवावीत. उडी पडली तर कोणी बोलायचं, काय बोलायचं आणि कुठल्या पानावर परत आणायचं, हे आधीच नक्की असावं, आणि निदान दोन तालमींत मुद्दाम उडी मारून ते करून पाहावं. प्रयोगात ऐनवेळी सुचतं ते बहुधा तिघांना तीन वेगवेगळं सुचतं.

प्रॉम्प्टर, म्हणजे विसरलेलं वाक्य विंगेतून आठवून देणारा, ही जागा आपण खर्च वाचवायला बंद केली. पुनरागमनाच्या नाटकापुरती तरी ती परत आणा. हे काम बॅकस्टेजच्या रिकाम्या मुलाच्या हातात संहिता देऊन होत नाही. प्रॉम्प्टर पहिल्या तालमीपासून बसलेला असला तरच त्याला विराम कुठला आणि विसर कुठला हे कळतं. नाहीतर तो नेमका कमावलेल्या विरामात वाक्य ढकलतो आणि प्रवेश मारतो. कलाकार ज्या बाजूला जास्त वळतात त्या बाजूच्या पहिल्या विंगेत त्याने बसावं. पूर्ण वाक्य द्यायचं नाही, पहिले दोन-तीन शब्द पुरतात. तेही कुजबुजून नव्हे तर छातीतल्या खालच्या आवाजात, कारण वयानुसार आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं आणि कुजबूज सगळी त्याच पट्टीत असते. याच कारणाने आतून वाजणारी दारावरची घंटी किंवा मोबाइलची किणकिण कधीकधी त्यांना ऐकूच येत नाही. आवाज खालच्या पट्टीतला निवडा, आणि सोबत विंगेत, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात, एक छोटा दिवा लावा.

कानातल्या इअरपीसवरून प्रॉम्प्टिंग करायचं असेल तर ते तिसऱ्या आठवड्यात सुरू करा, शुभारंभाच्या दिवशी नाही. सवय नसलेला कलाकार समोरच्याचं ऐकणं थांबवून कानाची वाट बघत बसतो, आणि हे पाचव्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळतं. श्रवणयंत्र लावणारे असतील तर कुठल्या कानात काय, हे आधी ठरवावं लागतं. इअरपीसची फ्रिक्वेन्सी कॉलर माइकपासून दूर ठेवायला लागते ते ध्वनी सांभाळणाऱ्याला सांगायची गरज नाही. पण त्याला इअरपीस आहे हेच प्रयोगाच्या दिवशी कळलं तर तोही काही करू शकत नाही.

नेपथ्याची मापं. पायरीची उंची सहा इंचांच्या वर नको, पाऊल ठेवायला अकरा इंच तरी जागा हवी, आणि सगळ्या पायऱ्या एकसारख्या. एक सहाची आणि पुढची सातची झाली तर पाय अडतो, कारण शरीर पहिल्या पायरीचं माप धरून दुसरी चढतं. लेव्हलला धरायला काहीतरी द्या. कठडा, झोपाळ्याची कडी, कपाटाची कड, जे नाटकाच्या घरात शोभेल ते. फक्त ते खरोखर लेव्हलला बोल्टने बसवलेलं असावं. बारीक खिळे मारून उभा केलेला देखावा धरायला गेलं की तोच अंगावर येतो. सोफ्याबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. भाड्याने येणारे सोफे दिसायला छान आणि बसायला खोल असतात. कलाकार त्यात बुडतात आणि उठताना दोन्ही हात टेकून तीन सेकंद घेतात; रागाने ताडकन उठायचा प्रसंग तिथेच संपला. बैठक अठरा इंच उंच हवी, हातांचा आधार हवा, आणि फोमखाली प्लायवूडचा तुकडा टाकला की काम होतं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण तालमीतच करायचं. तालमीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि प्रयोगात सोफा असं केलं तर शरीराला दोन वेगळी नाटकं शिकवल्यासारखं होतं.

ब्लॅकआऊट ही आमच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याची जागा. प्रखर स्पॉटमधून एकदम अंधारात गेल्यावर तरुण डोळ्यांनाही काही क्षण लागतात, वय झालेल्या डोळ्यांना बरेच जास्त. आठ सेकंदांत प्रवेश बदलायचा असेल तर ते आठही सेकंद कलाकार आंधळेपणाने लेव्हल उतरत असतात. दिग्दर्शकांना शून्य अंधार आवडतो. त्यांना समजवा : निळा दिवा पाच टक्क्यांवर ठेवला तर पहिल्या रांगेलाही फारसं दिसत नाही, पण पायरीची कड दिसते. त्याहून चांगलं म्हणजे ज्येष्ठ कलाकाराची एक्झिट अंधाराच्या आधी घ्या. शेवटचं वाक्य दारात उभं राहून म्हटलं तर बहुतेक वेळा ते जास्त चांगलं पडतं. लेव्हलच्या कडांना अर्ध्या इंचाचा रेडियम टेप लावायचा. पण तो टेप उजेडावर चार्ज होतो हे विसरलं जातं. पडदा उघडण्याआधी रंगमंचावर पुरेसा उजेड नसेल तर पहिल्या ब्लॅकआऊटला तो चमकतच नाही. धूळ बसली की सुटतो, म्हणून महिन्याला बदलायचा. विंगेत ठरलेला एक माणूस छोटा टॉर्च जमिनीकडे धरून उभा हवा, दरवेळी तोच आणि त्याच जागी.

दिव्यांवरून आठवलं. एलईडी आल्यापासून रंगमंचावरचा उकाडा खूप कमी झाला, ज्येष्ठांसाठी ही मोठीच सोय. पण हॅलोजनखाली वर्षानुवर्षं वापरलेला रंगभूषेचा तोच हात हलक्या एलईडीखाली राखट दिसतो आणि सुरकुत्या दाट होतात. रंगीत तालमीत रंगभूषाकार आणि प्रकाशयोजनाकार एकत्र प्रेक्षागृहात बसून चेहरा बघतील एवढी पंधरा मिनिटं ठेवा.

झटपट कपडेबदलाचं गणितही बदलतं. 'सही रे सही' १५ ऑगस्ट २००२ ला आलं आणि भरत जाधव अनेक रूपांतला तो पळापळीचा खेळ सलग करत आले. तिथे शरीर त्या वेगाच्या सवयीत राहिलं. मध्ये पंधरा वर्षं खंड पडलेल्या कलाकाराकडून तोच वेग मागता येत नाही. चाळीस सेकंदांच्या बदलाला नव्वद धरा आणि वाढलेले पन्नास सेकंद लेखकाकडून भरून घ्या. दुसऱ्या पात्राला फोनवरचे चार संवाद दिले की झालं. गुंड्यांच्या मागे वेल्क्रो, धोतर शिवलेलं, बूट इलॅस्टिकचे. विंगेत बसायला खुर्ची हवी, कारण एका पायावर उभं राहून पायजमा घालताना पडणं हा फार जुना अपघात आहे.

संगीत नाटकात आणखी एक गोष्ट. पट्टी दोन सुरांनी उतरवायची म्हणजे ऑर्गनवाल्याला सांगितलं की झालं असं नाही. तबला बदलावा लागतो, मोठ्या तोंडाचा घ्यावा लागतो, आणि त्याचा नादच वेगळा असल्याने ध्वनीची मांडणी पुन्हा करावी लागते. जुन्या रेकॉर्डेड ट्रॅकचा सूर संगणकावर खाली ओढला तर बासरी बासरी राहत नाही. ट्रॅक नव्याने करून घ्या.

वेळापत्रकाचं आम्ही थोडक्यात सांगतो, कारण तुम्हाला ते आमच्यापेक्षा चांगलं कळतं आणि तरी तुम्ही ते करत नाही. तालीम दिवसाला चार तास, सहा आठवडे, शेवटच्या आठवड्यात पूर्ण वेशभूषेत आणि प्रकाशात तीन धावत्या तालमी, त्यातल्या निदान दोन नाट्यगृहात. प्रयोग दिवसाला एकच. रविवारी दुपारी ठाण्याला गडकरी आणि रात्री बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, मध्ये घोडबंदर रोड, असा दिवस तरुणांनाही रडवतो. दौऱ्यावरून रात्री बसने परत येणार असतील तर दुसऱ्या दिवशी प्रयोग नको. जेवण प्रयोगाच्या दोन तास आधी, मधुमेह असेल तर विंगेत ग्लुकोज. गोळ्यांच्या वेळा त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवायच्या. प्रयोगाच्या सोयीसाठी व्यवस्थापकाने त्या पुढे-मागे करायच्या नाहीत.

रिप्लेसमेंटचा, म्हणजे बदली कलाकाराचा, विषय काढला की तुम्ही म्हणता, लोक त्यांनाच बघायला येतात, दुसरा कोण चालणार? 'नटसम्राट' २३ डिसेंबर १९७० ला रंगमंचावर आलं तेव्हा बेलवलकर म्हणजे डॉ. श्रीराम लागू असं समीकरण झालं होतं. त्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ती भूमिका केली आणि नाटक उभं राहिलं. एवढी अवघड भूमिका हाती देता येते, तर बाकीच्यांचं काय? मात्र रिप्लेसमेंट तयार ठेवायचा म्हणजे त्याला कॅसेट पाठ करायला सांगून घरी बसवायचं नाही. पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण संचाबरोबर त्याची तालीम आणि दौऱ्यावरचा एखादा प्रयोग नावानिशी त्याचा. जाहिरातीत त्याचं नाव छापा. प्रमुख कलाकार बदलला आणि प्रेक्षकाला पैसे परत हवे असतील तर खिडकीवर वाद न घालता द्या. विमा काढताना जुने आजार लपवू नका. दावा करायची वेळ आली की कंपनी आधी तेच शोधते.

आता 'शेवटचे'. परत येण्यात आम्हाला काहीच गैर वाटत नाही, पैशासाठी परत येण्यातही नाही. बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'साठी पडद्याकडे गेले, परत रंगभूमीवर आले आणि उतारवयातही स्त्रीभूमिका करत राहिले. त्यांच्यामागे कर्ज होतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि लोकांनी त्यांना तरी प्रेम दिलं. फसवणूक वाटते ती वेगळ्या गोष्टीची. ऑस्ट्रेलियाची गायिका नेली मेल्बा १९२४ पासून १९२८ पर्यंत निरोपाचे कार्यक्रम करत राहिली, आणि वारंवार निरोप घेणाऱ्यासाठी त्या देशात तिचंच नाव वापरलं जाऊ लागलं. आपल्याकडे हे नाव कोणाला मिळेल ते आम्ही सांगत नाही. उमेदवार बरेच आहेत.

तेव्हा शेवटचं म्हणजे काय ते छापा. 'या संचातले शेवटचे', 'अमुक यांचे या भूमिकेतले शेवटचे' आणि 'नाटकाचे शेवटचे' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीटविक्रीचा प्लॅन उघडण्याआधी आकडा ठरवा आणि तो वाढवू नका. वाढवायचा मोह होणार हे गृहीत धरून सुरुवातीलाच आठऐवजी बारा तारखा मागा. नाट्यगृहांचा क्रम असा लावा की लांबचे आधी आणि दादर-पार्ले शेवटी. शेवटच्या प्रयोगाला कलाकाराचे जुने सहकारी, घरचे, सगळे येणार, त्यांना कल्याणला बोलावण्यात हशील नाही. शेवटच्या आधीचा एखादा प्रयोग तीन कॅमेऱ्यांनी चित्रित करा, आवाजाची वेगळी नोंद घेऊन. शेवटच्या प्रयोगाचं चित्रण करू नका, त्या दिवशी सगळेच हळवे असतात आणि वेग अर्ध्यावर येतो.

आणि मध्यंतरातला सत्कार बंद करा. हा एक प्रघात आम्हाला मनापासून नकोसा झाला आहे. पंधरा मिनिटांचं मध्यंतर पाहुण्यांच्या भाषणांनी चाळीस मिनिटांवर जातं. कलाकार पूर्ण रंगभूषेत, शाल-श्रीफळ सांभाळत उभे राहतात. पहिल्या अंकात तापलेला आवाज आणि सैल झालेलं अंग थंड पडतं, चहा राहतो, गोळी राहते, आणि मग दुसऱ्या अंकाची सगळ्यात चढी एन्ट्री. तो अंक पडला की लोक म्हणतात, 'वय झालं आता त्यांचं.' वर पुढच्या सत्राच्या नाटकाचा टेम्पो मागच्या दारात उभा असतो आणि त्यांचे लोक घड्याळ दाखवत असतात. सत्कार शेवटी करा, पडदा पडल्यावर, पाच मिनिटांत, एका भाषणात.

परत यायचं आहे पण शरीर दोन अंक पेलणार नाही, अशा कलाकारांसाठी अभिवाचन हा पळवाट नसलेला खरा मार्ग आहे. दिलीप प्रभावळकर आणि विजय केंकरे यांच्या 'पत्रापत्री'त हातातला कागद नाटकाचाच भाग आहे, त्यामुळे तो लपवावा लागत नाही. असं काही शोधा. संहिता अठरा ते वीस पॉइंटमध्ये, चमक नसलेल्या कागदावर छापा, पान वाक्याच्या मध्ये उलटणार नाही असं. कागदावरचा दिवा मागून-वरून घ्या; समोरून घेतला की चष्म्यात उमटतो आणि प्रेक्षकांना डोळ्यांऐवजी दोन पांढरे ठिपके दिसतात.

शेवटी आमचं. प्रमुख कलाकाराच्या तब्येतीमुळे प्रयोग रद्द झाला की त्या रात्रीची आमची नाइट बुडते, आणि अशा नाटकात हे होणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. अठ्ठेचाळीस तासांच्या आत रद्द झाला तर पूर्ण नाइट, आठवड्याच्या आत रद्द झाला तर अर्धी, एवढं करारात लिहा. नाटक बंद करायचं ठरलं तर आम्हाला दोन महिने आधी सांगा. जाहिरातीत वाचायला लावू नका.

निवृत्ती आम्हालाही असते, तिचे प्रयोग लागत नाहीत इतकंच. राज्य सरकारचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन आता महिना ५,००० रुपये आहे. त्यासाठी वय ५० च्या वर आणि किमान १५ वर्षांचं काम दाखवावं लागतं. कलाकार जाहिरातीची कात्रणं लावतो. विंगेतल्या माणसाचं नाव कात्रणात नसतं. रोख नाइट, पावती नाही, आणि वीस वर्षांपूर्वीची निर्मितीसंस्था आज बंद. म्हणून दर वर्षाच्या शेवटी प्रत्येक बॅकस्टेज कामगाराला संस्थेच्या लेटरहेडवर एक दाखला द्या : नाटकाचं नाव, कामाचं स्वरूप, पहिला आणि शेवटचा प्रयोग, एकूण प्रयोग, सही, शिक्का. व्यवस्थापकाच्या वहीत हे सगळं असतंच. दोन प्रती काढा, एक आमच्याकडे, एक नाट्य परिषदेकडे. या वर्षीचे दाखले मार्चअखेर मिळाले तर बरं होईल.

आपले,
मुंबईतील मराठी रंगभूमीवरचे काही रंगमंच कामगार, ध्वनी-प्रकाश तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक